भिंतीला दोन बाजू असतात

बेडरूमचं काम होऊन आठ महिने झाले असतील. मुलीचा मोजा कपाटामागे पडला म्हणून नवऱ्याने कपाट पुढे ओढलं आणि तिथूनच "अगं, जरा इकडे ये" एवढंच म्हणाला, आणि त्या आवाजावरूनच मला कळलं की विषय आता मोज्याचा राहिलेला नाही. कपाटामागची भिंत, म्हणजे जी आम्ही तीन वेगवेगळे नमुने लावून, भांडून, शेवटी फिकट राखाडी रंगात रंगवली होती ती, जमिनीपासून पार गुडघ्यापर्यंत फुगली होती. नखाने जरासं टोकरलं तर वीतभर पोपडा पुट्टीसकट हातात आला आणि आतून पांढरी भुकटी भुरभुर खाली. नवरा म्हणाला रंग भिकार होता. मी म्हटलं रंगारी भिकार होता. दोघंही चूक होतो.

थोडं मागे जाते. आमचं घर जुनं. घेतानाच माहीत होतं की सगळंच करावं लागणार, आणि हेही माहीत होतं की एकदम करायला पैसे नाहीत. घर घेण्यातच खिसा रिकामा झालेला, वर आणखी कर्ज काढायचं नाही यावर आमचं दोघांचं चक्क एकमत. मग ठरलं, एका वेळी एक खोली. पैसे साठले की खोली करायची, खोली झाली की परत साठवायला लागायचं. ही पद्धत मला आजही पटते, तिच्यात काही खोट नाही, खोट होती आम्ही पहिली खोली निवडली त्यात. जी डोळ्यांना सगळ्यात जास्त खुपत होती ती आधी घेतली. बेडरूमच्या भिंतींना आधीच्या लोकांनी चकचकीत गुलाबी ऑइलपेंट मारलेला होता, रात्री दिवा लावला की आपण कुणाच्या तरी तोंडात बसलोय असं वाटायचं. तो गुलाबी रंग घालवायच्या नादात फरशी, रंग, कपाट, पडदे, सगळं झालं. त्या भिंतीच्या पलीकडे बाथरूम आहे हे अर्थातच माहीत होतं, रोज अंघोळ तिथेच करत होतो. पण ती "पुढची खोली" होती ना. पुढच्या खोलीचं पुढे बघू.

तर झालं असं होतं की बाथरूमच्या फरशीखालून पाणी हळूहळू भिंतीत मुरत होतं. विटा आणि प्लास्टर दिव्याच्या वातीसारखे पाणी वर ओढतात आणि येताना सिमेंट-विटांमधले क्षार विरघळवून सोबत आणतात. पाणी पृष्ठभागापाशी येऊन उडून जातं, क्षार तिथेच राहतात, त्यांचे खडे होतात आणि ते खडे रंगाला मागून ढकलतात. ती पांढरी भुकटी म्हणजे हेच, भिंतीला खार फुटला म्हणतात तो. यावर जगातला सगळ्यात महाग रंग मारला तरी तो पडणारच. आणि गंमत म्हणजे आधीच्या गुलाबी रंगाच्या वेळीही त्याच जागी खालचा भाग थोडा खडबडीत होता, रंगाऱ्याने घासून, पुट्टी भरून गुळगुळीत करून दिला आणि आम्ही "वा, काय फिनिशिंग आहे" म्हणून खूश.

ज्यांचं काम अजून सुरू व्हायचंय त्यांच्यासाठी एक फुकटातला प्रयोग सांगते, मला तो नंतर कळला. जाड प्लास्टिकचा फूटभर तुकडा घ्यायचा, शंका असलेल्या भिंतीवर चारी कडांना चिकटपट्टी लावून एकदम बंद करायचा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवायचा. प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला दव जमलं तर खोलीतली दमट हवा थंड भिंतीवर बसतेय, म्हणजे हवा खेळती करा, एक्झॉस्ट लावा, तेवढ्यावर भागू शकतं. आतल्या बाजूला, भिंतीकडे, पाणी जमलं तर ओल भिंतीतूनच येतेय आणि रंगाच्या दुकानात जायचं काही कारण नाही, आधी पाणी शोधा. आमच्या प्लास्टिकच्या आतल्या बाजूला एका रात्रीत थेंब.

मिस्त्री आले. त्यांनी बेडरूमच्या भिंतीकडे नीट बघितलंसुद्धा नाही, सरळ बाथरूममध्ये गेले, उकिडवे बसले आणि थापीच्या मुठीने एकेक टाइल वाजवत गेले. टक, टक, टक, आणि नाहाणी ट्रॅपपाशी, म्हणजे सांडपाणी जायच्या जाळीखालच्या भांड्यापाशी, आल्यावर भद्द. परत तिथेच, भद्द. मग वर बघून म्हणाले, "ताई, तुम्ही खोली खोली करता, पण पाणी काय खोली बघून येत नाही." मला तेव्हा राग आला होता, पैसे आमचे गेले होते आणि हे मला सुविचार ऐकवतायत. पण नंतर आमचं सगळं काम त्या एका वाक्यावर उभं राहिलं.

त्यानंतर आम्ही काय केलं, तर तीन महिने काहीच केलं नाही. बेडरूमच्या भिंतीचे पोपडे तसेच, कपाट पुढे ओढलेलं तसंच, रोज पायाला ठेच. घरातले म्हणायचे अरे निदान रंग तरी मारून घ्या. त्या तीन महिन्यांत एक शंभर पानी वही घेतली आणि सगळ्या घराचा नकाशा काढला, पण खोल्यांचा नाही, भिंतींचा. प्रत्येक भिंतीला एक पान. डावीकडे लिहायचं या बाजूला काय आहे, उजवीकडे त्या बाजूला काय आहे. आतून पाण्याचा पाइप जातो का, वायर जाते का, वरच्या मजल्यावर तिथे काय आहे, बाहेरची भिंत असेल तर पाऊस कुठून मारतो. कुठल्या भिंती पाडता येणारच नाहीत, कारण तिथे कॉलम-बीम आहेत, त्यांना हात लावायचा नाही हे लाल पेनाने. (आमच्याकडे एकाने "हा खांब थोडा तासला की किचन मोठं दिसेल" असंही सुचवलं होतं. त्याला नमस्कार केला. असल्या बाबतीत इंजिनिअरला विचारल्याशिवाय खिळासुद्धा ठोकू नका.)

वही पूर्ण झाल्यावर कळलं की आमच्या घरात खोल्या पाच आहेत पण कामं खरं तर तीनच. एक ओलं काम, ज्यात बाथरूम, किचन आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून असलेल्या भिंती. दुसरं विजेचं, ते सगळ्या घराचं एकच. आणि तिसरं वरवरचं, रंग, फरशी, कपाटं. आम्ही तिसऱ्यापासून सुरुवात केली होती. आणि अजून एक, राडारोडा बाहेर जाणार कुठून? मुख्य दारातून, म्हणजे हॉलमधून. मग हॉल शेवटी, कितीही मन झालं तरी शेवटी. आमच्या ओळखीत एकांनी हॉल आधी केला, पाहुण्यांना दिसतो म्हणून, आणि नंतर किचनच्या फोडलेल्या ओट्याचे तुकडे भरलेली घमेली त्या नव्या फरशीवरून वर्षभराने गेली. गोणपाट अंथरून. काय राहतं.

लेव्हलचं सांगायचं राहिलं, आणि ते मला सगळ्यात जास्त सांगायचंय. बेडरूममध्ये आम्ही जुनी फरशी न काढता तिच्यावरच नवी बसवली होती. स्वस्त पडतं, फोडाफोडी वाचते, राडारोडा नाही. जुनी फरशी घट्ट असेल, कुठे पोकळ वाजत नसेल तर काही हरकत नाही त्यात. पण टाइल आणि तिच्याखालचं अॅडहेसिव्ह मिळून साधारण 12 ते 15 मिलीमीटर उंची वाढते. दार खालून कापावं लागलं ते ठीक, पण आता बेडरूमची जमीन पॅसेजपेक्षा बोटभर वर आली आणि येताजाता पायाचा अंगठा तिथेच लागायला लागला. एक एक खोली करताना हे होतंच, कारण प्रत्येक वेळी मिस्त्री त्याच खोलीपुरती पाणसळ लावतो आणि शेजारच्या खोलीचं तेव्हा कुणाच्या डोक्यात नसतं.

म्हणून बाथरूमला हात लावण्याआधी मिस्त्रींनी लेव्हल पाइप काढला. साधा पारदर्शक पाइप, बोटभर जाड, पाण्याने भरलेला. पाइपच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबतं, तुम्ही घरात कुठेही फिरवा, मध्ये भिंत येवो, वळण येवो. मी एक टोक बेडरूमच्या दारात धरून उभी, ते दुसरं टोक घेऊन हॉलमध्ये, आणि तिकडून ओरडतायत "पाणी थांबलं का ताई?" थांबलं म्हटलं की पेन्सिलने खूण. मध्येच पाइपमध्ये एक छोटा बुडबुडा राहिलेला त्यांना दिसला तर सगळ्या खुणा पुसून पहिल्यापासून परत, कारण बुडबुडा असला की पाणी खोटं बोलतं म्हणाले. अशी तयार फरशीपासून 1 मीटर उंचीवर एक रेघ सगळ्या घरभर फिरली, पाचही खोल्यांत, ज्यांचं काम दोन वर्षांनी होणार होतं त्यांच्याही भिंतींवर. पुढे प्रत्येक खोलीची फरशी, खिडकीची पट्टी, स्विचबोर्ड, ओटा, सगळं त्या रेघेवरून खाली किंवा वर मोजून. पाहुणे विचारायचे ही रेघ कसली, मुलीने काढली का. आजही हॉलमध्ये ती आहे. रंग मारेपर्यंत पुसायची नाही असा घरात हुकूम आहे.

मग बाथरूम. फोडल्यावर जे निघालं ते बघून मला शिसारी आली, फरशीखालची वाळू काळी, चिखलासारखी, आणि ट्रॅपच्या कडेचं सिमेंट पार सुटलेलं. किती वर्षं पाणी जात होतं देव जाणे. इथे आम्ही पैसे वाचवायचे नाहीत असं आधीच ठरवलं होतं. पाइप सगळे नवे टाकले आणि भिंत बुजवायच्या आधी प्लंबरने सगळी तोंडं बंद करून पंपाने प्रेशर देऊन रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी काटा खाली आलेला नव्हता. मग वॉटरप्रूफिंग. दोन हात, पहिला आडवा तर दुसरा उभा, म्हणजे पहिल्यात राहिलेली बारीक भोकं दुसऱ्यात झाकली जातात, आणि जमिनीपुरतं नाही तर भिंतीवर फूटभर वर, शॉवरच्या बाजूला तर डोक्याच्या वर. जमीन आणि भिंत जिथे मिळते तो कोपरा सगळ्यात आधी फुटतो, तिथे कापडी पट्टी दाबून घेतली.

आणि मग पाणी भरून ठेवायची टेस्ट. ट्रॅपचं तोंड बुजवायचं, दोनेक इंच पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारायची आणि 24 तास कुणी आत जायचं नाही. मी रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन बघायला उठले. पाणी रेघेच्या खाली! दोराभर, पण खाली. धावत जाऊन नवऱ्याला उठवलं, तो डोळे चोळत आला आणि म्हणाला कोपऱ्यातला टब बघ. मिस्त्रींनी जाताना एक पसरट टब पाण्याने भरून त्याच्यावर पण खूण करून ठेवली होती, मला वाटलं विसरले असतील. टबातलं पाणीही तेवढंच खाली गेलं होतं. म्हणजे हवेत उडालेलं पाणी, गळलेलं नाही. दोन्ही सारखं उतरलं तर काळजी नाही, जमिनीवरचं जास्त उतरलं तर परत फोडा. इतकी साधी गोष्ट, पण कुणी सांगत नाही. हां, आणि बेडरूमच्या बाजूने भिंत कोरडी आहे ना हे बघायला मी नंतर पहाटेपर्यंत तिथेच बसले होते, झोप कुठली येतेय.

फरशी बसवताना ढाळ. मीटरला 1 ते 2 सेंटीमीटर पुरतो, त्याहून कमी दिला तर पाणी साचतं आणि फार दिला तर अंघोळ करताना डोंगरावर उभं राहिल्यासारखं वाटतं. मोठ्या टाइल्स फॅशनच्या आहेत पण छोट्या बाथरूममध्ये चारी बाजूंनी ट्रॅपकडे उतार द्यायला लहान टाइल्सच सोप्या, मोठ्या कापाव्या लागतात किंवा कुठेतरी उचलल्या जातात. टाइल्स सुकल्यावर, सांधे भरायच्या आधी, मुलीच्या गोट्या आणल्या आणि चारी कोपऱ्यांतून एकेक सोडली. तीन ट्रॅपवर आल्या, एक दाराकडे. दाराकडच्या त्या दोन टाइल्स मिस्त्रींनी न कुरकुरता काढून परत बसवल्या, खरं तर थोडं कुरकुरत. कोपऱ्यातल्या सांध्यांना ग्राउट, म्हणजे टाइल्समधल्या फटी भरायचा मसाला, न भरता सिलिकॉन भरलं, कारण भिंत आणि जमीन वेगवेगळ्या हलतात आणि ग्राउट ताणला जात नाही, तडकतो.

टाइल्स घेताना दहा टक्के जास्त घ्या. आणि खोक्यावरचा शेड नंबर सगळ्यांवर एकच आहे ना ते दुकानातच बघा, कारण तीच डिझाइन, तोच आकार, तरी वेगळ्या भट्टीतला रंग जरा वेगळा असतो आणि तो घरी उजेडात लावल्यावरच दिसतो. उरलेल्या माळ्यावर ठेवायच्या. दोन वर्षांनी एक फुटली तर तशी परत मिळत नाही. आमच्या बेडरूममध्ये खिडकीपाशी एक टाइल अशीच वेगळी आहे, तिच्यावर कुंडी ठेवलीय.

काम चालू असताना ते बाथरूम बंद होतं म्हणून सगळे दुसरं वापरत होतो, आणि मागच्या बाजूला एक छोटी मोरी आहे ती तर विसरूनच गेलो होतो. दोन-तीन आठवड्यांनी घरभर गटाराचा वास. मला वाटलं पाइप फुटला, परत खर्च, पोटात गोळाच. प्लंबरने येऊन त्या मोरीत दोन तांबे पाणी ओतलं आणि निघून गेला. नाहाणी ट्रॅपमध्ये जे थोडं पाणी कायम साठून असतं तेच गटाराची हवा अडवत असतं, वापर बंद झाला की ते सुकतं आणि रस्ता मोकळा. त्याने पैसेही घेतले नाहीत, फक्त माझ्याकडे बघून हसला.

विजेचं काम मात्र खोली खोली करून नाही केलं, निदान डोक्यात तरी. सगळ्या घरात शेवटी काय काय चालणार आहे, किती गीझर, किती एसी, ओव्हन कुठे, हे वहीत लिहून वायरमनला दिलं, आणि त्यावरून मेन बोर्ड एकदाच मोठा बसवला, पुढच्या खोल्यांसाठी आत जागा रिकाम्या ठेवून. दिव्यांना 1.5 स्क्वेअर एमएम जाडीची वायर, साध्या प्लगला 2.5, गीझर-एसीला 4, असं त्याने केलं, आणि प्रत्येक जड उपकरणाला स्वतंत्र लाइन. सोबत 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी. साधा एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, वायर गरम व्हायला नको म्हणून असतो, माणसाला शॉक बसतोय हे त्याला कळत नाही. आरसीसीबी जाणारा करंट आणि परत येणारा करंट यांची तुलना करत बसते, फरक दिसला की क्षणात बंद. ओल्या भिंती असलेल्या जुन्या घरात तर हे सगळ्यात आधी लावा, रंगाच्याही आधी, पडद्याच्या तर फारच आधी.

ज्या खोल्या नंतर होणार होत्या त्यांच्याकडे जाणारे रिकामे पाइप भिंतीत टाकून ठेवले, आत एक बारीक तार सोडून, म्हणजे उद्या वायर बांधून ओढली की झालं, परत भिंत फोडायला नको. आणि प्लास्टर करायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो, मोजपट्टी भिंतीला लावलेली असताना. फोटो वहीच्या त्या त्या पानावर चिकटवले. मागच्या महिन्यात आरशासाठी ड्रिल मारायला माणूस आला, त्याने पेन्सिलने खूण केली, मी वही उघडली, खुणेच्या बरोबर मागे गरम पाण्याचा पाइप. चार इंच डावीकडे सरकवला आरसा. त्या दिवशी नवऱ्यासमोर जरा जास्तच ऐटीत वावरले.

बेडरूमच्या भिंतीचं काय झालं? बाथरूम झाल्यावर तिचं प्लास्टर ओलीच्या खुणेच्या दोन फूट वरपर्यंत फोडलं आणि विटा उघड्या ठेवून महिनोन् महिने वाळू दिल्या. झोपताना समोर उघड्या विटा. मध्येमध्ये ब्रशने खार झाडायचा, पाण्याने धुवायचा नाही, धुतला की क्षार परत आत जातो. मग नवीन प्लास्टर, त्याला सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं आणि नंतर परत महिनाभर सुकू द्यायचं. हे ऐकायला विचित्र वाटतं की वाळवलेल्या भिंतीला परत पाणी मारा, पण सिमेंट वाळून कडक होत नाही, पाण्याशी संयोग होऊन कडक होतं, पाणी लवकर उडालं तर ते कच्चं राहतं. सिमेंटची ताकद मोजतात तीही 28 दिवसांनी. कंत्राटदाराला मात्र चौथ्या दिवशी रंगारी पाठवायची घाई असते. एक एक खोली करण्याचा हाच खरा फायदा आहे बघा, आपल्याला घाई नसते. पैसेच नसतात, घाई कसली.

जुना रंग घासण्याबद्दल एक. फार जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, कोरडा घासला की ती धूळ घरभर आणि पोरांच्या तोंडात. आम्ही दारं घासताना पॉलिश पेपर ओला करून घासला, मास्क लावला, मुलीला आजीकडे पाठवलं आणि खाली अंथरलेलं प्लास्टिक गुंडाळून तसंच फेकून दिलं. दारं मात्र जुनीच ठेवली, जाड सागाची होती, नव्या दारांच्या खर्चात दुसरं काहीतरी झालं.

धुळीवर उपाय विचाराल तर नाही. ज्या खोलीचं काम चालू आहे तिच्या दाराला ओली चादर लावायची, दाराखाली ओलं फडकं, तरीही संध्याकाळी दात कचकच करतात. आमचा नियम होता की कुठल्याही क्षणी एक खोली पूर्णपणे घरासारखी पाहिजे, तिथे पोतं नाही, डबा नाही, उद्याची फरशी ठेवायला सुद्धा द्यायची नाही. एक खोली गोडाऊन, एक खोली रणांगण, एक खोली घर. सासूबाईंनी त्या घरवाल्या खोलीच्या दारात पायपुसणं टाकलं होतं आणि मिस्त्री असोत की मुलगा, पाय पुसल्याशिवाय आत नाही.

किचनबद्दल फार सांगण्यासारखं नाही, ते बाथरूमनंतर झालं आणि बऱ्यापैकी सरळ झालं. फक्त ओट्याची उंची. मिस्त्री नेहमीच्या मापाने करणार होते, मी म्हटलं थांबा, उभी राहून कोपर वाकवलं, कोपरापासून जमिनीपर्यंत मोजलं आणि त्यातून पाच इंच कमी केले. बाहेर आलेलं माप नेहमीपेक्षा दीड इंच जास्त. पाठ दुखायची थांबली. सासूबाईंना थोडा उंच पडतो, त्यांच्यासाठी एक फळी.

फळीवरून आठवलं, कपाटं. इथे पैसे वाचवता येतात. प्लायची शीट 8 बाय 4 फुटांची येते, तर आधी कागदावर सगळे तुकडे मांडून बघा एका शीटमध्ये किती बसतात, कपाटाची खोली दोन इंच कमी केली तर कधीकधी अख्खी शीट वाचते. सुतारकाकांना हे आवडलं नाही, पण नंतर तेच पेन्सिल घेऊन माझ्यासोबत बसले. एका ठिकाणी मात्र मी अतिशहाणपणा केला. पुस्तकांची फळी मध्ये आधार न देता एकसलग चार फूट करून घेतली, छान दिसते म्हणून. काका म्हणाले वाकेल. मी म्हटलं दोन फुटांच्या फळ्या कुठे वाकतात. तर गणित असं आहे की पुस्तकं गच्च भरलेल्या फळीची लांबी दुप्पट केली की तिची झोळी दुप्पट नाही, सोळा पट होते. सध्या ती फळी हसतेय. काका येऊन बघून गेले, काही बोलले नाहीत, त्यांचा तो मोठेपणा.

पैशांचं म्हणाल तर प्रत्येक खोलीच्या अंदाजावर आम्ही पाचवा हिस्सा वेगळा ठेवतो, "भिंतीआड" असं त्या रकमेचं नाव आहे वहीत. जुन्या घरात तो लागतोच. बाथरूममध्ये पूर्ण गेला, किचनमध्ये निम्मा उरला, उरलेला पुढच्या खोलीत. मजुरी रोजावर द्यायची की ठरवून, यावर आमच्याकडे अजून वाद चालू आहे. मला वाटतं फोडाफोडी आणि दुरुस्ती रोजावर, कारण आत काय निघेल ते मिस्त्रीलाही माहीत नसतं, ठरवून दिलं तर तो तरी काय करेल, झाकून टाकेल. फरशी आणि रंग मात्र मोजून, फुटावर.

आता राहिला हॉल. पैसे अजून अर्धेच साठलेत, त्यामुळे जुनाच स्विचबोर्ड, जुनीच फरशी, आणि भिंतीवर ती पेन्सिलची रेघ. काल रात्री खिडकीखालच्या भिंतीवर मी प्लास्टिकचा फूटभर तुकडा चिकटवलाय. त्या भिंतीच्या पलीकडे बाहेरचा पाइप उतरतो, वहीतलं पान सतरा. नवरा येताजाता वाकून बघतो आणि काही नाही अजून म्हणतो. उद्या सकाळी काढायचं ठरलंय.